दाखवा हात

आत आम्ही अकराजणी ओकत होतो आणि बाहेर दवाखान्याच्या ओट्यावर बसून बडेबाबू बिस्किटं खात होते.

एकेक करून, सावकाश. मांडीवर पत्र्याचा डबा, बाजूला पाण्याचा तांब्या. समोर आमच्या घरची माणसं उभी. कोणाचा दीर, कोणाचा नवरा. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात चप्पल. माझी खाट दाराजवळ होती म्हणून मला दिसत होतं. दिसत होतं म्हणजे एकाचे दोन दिसत होते. दोन बडेबाबू, दोन डबे, आणि दोघेही खात होते.

"बुढ्या, आमच्या बायकाइले मारलं तू!" मंदाचा सासरा ओरडला. काठी त्याच्याच हातात होती.

"हे सातवं," बडेबाबू म्हणाले. "तुमच्या बायकांनी खाल्ली त्याच घाण्यातलं. डब्यात अजून पंधरा आहेत. तेवढी खाऊन घेतो, मंग मारा."

"नाटक करून राह्यला."

"नाटक असतं तर चहा मागतला असता. कोरडं जाऊन राह्यलं घशात."

कोणी हसलं नाही. मला हसू आलं, पण हसायला गेले की ओकारी यायची.

मंदा माझ्या शेजारच्या खाटेवर होती. एकोणीस वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेले. कापूस वेचणाऱ्या आमच्या टोळीत सगळ्यात लहान ती, आणि बिस्किटं सगळ्यात जास्त तिनेच खाल्ली होती. ती आता ओकतही नव्हती. ओकत होती तोवर मला धीर होता. तोंडातून नुसती लाळ गळत होती आणि डॉक्टर तिच्यावर वाकून उभा होता. मंदा गेली असती तर सासऱ्याने बडेबाबूंना त्याच ओट्यावर आडवं केलं असतं. एवढं मात्र मला एकच दिसत होतं, दोन नाही.

आणि माझ्या पदराच्या टोकाला एक नवाकोरा लाल साबण बांधलेला होता. त्याबद्दल मी कोणाला काही बोलले नव्हते.

आता हे बडेबाबू कोण, ते सांगते.

आमच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. तहसील कचेरीत आयुष्य गेलं, बडे बाबू म्हणून रिटायर झाले, मग तेच नाव राहिलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी गंजली होती. मी चौथी शिकले आहे, नीट पाहिलं असतं तर वाचता आलं असतं. गरज पडली नाही.

लग्न केलं नव्हतं. एकदा मी सरळ विचारलं, "काहून नाही केलं?"

"फाईल पुढं सरकली नाही," म्हणाले.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर लोकांच्या भांडणात पडतात. यांनी भट्टी बांधली. घरामागे विटांवर एक लोखंडी पिंप आडवं टाकलं, वरून भुसा कालवून माती लिंपली. पिंपाखाली गोवऱ्या, पिंपावर निखारे, आत बिस्किटांची ताटली. गोवऱ्या माझ्याकडून घ्यायचे. पण अशा नाही. प्रत्येक गोवरी कानाजवळ धरून बोटाने वाजवायचे.

"ही बोलत नाही, बाई. ओली आहे. वाळवून आणा."

मी तीच गोवरी दुसऱ्या दिवशी तशीच न्यायचे. तेव्हा ती बोलायची.

भट्टी तापली का हे पाहायची त्यांची रीत वेगळी होती. सरकी काढलेल्या कापसाचं बोंडाएवढं पुंजकं तारेला लावायचे आणि भट्टीत धरायचे. कापूस पेटला तर म्हणायचे, "घाई झाली." पांढराच राहिला तर, "आळस झाला." बदामी होऊन बाहेर आला की एकदम उठायचे, "चला, ताटली!" साठ वर्षांच्या माणसाला एवढं चपळ उठताना मी दुसऱ्या कशासाठी पाहिलं नाही.

बिस्किटं अर्ध्या ज्वारीच्या आणि अर्ध्या गव्हाच्या पिठाची. त्यात गूळ, तीळ, बडीशेप आणि घरचं तूप. मैदा नाही, डालडा नाही. दिसायला काळपट, चपटी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "बडेबाबू, ह्या तं माझ्याच गोवऱ्या दिसून राह्यल्या. बारीक केलेल्या."

"खाऊन पाहा, मंग बोला."

खाल्लं. मग मी बोलले नाही. मी गप्प बसले म्हणजे काय झालं असेल, ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

ही बिस्किटं त्यांच्या आईची. ते त्यांना मायची बिस्किटं म्हणत. मायच्या वेळी भट्टी नव्हती, पितळेचं जाड पातेलं होतं आणि झाकणीवर निखारे. मायला शेवटची दहा वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी तिने बिस्किटं सोडली नाहीत. ताटलीत एक ठेवलं की त्यावर अंगठा दाबायची, मग तो खळगा चाचपून दुसरं त्याच्या बाजूला ठेवायची. म्हणून बडेबाबूंच्याही प्रत्येक बिस्किटावर अंगठ्याचा खळगा असायचा.

"तहसिलीत जिंदगीभर लोकायचे अंगठे घेतले," म्हणायचे. "आता मी देऊन राह्यलो." मग ताटलीकडे पाहून थोडे हिरमुसायचे. "मायचा अंगठा बारीक होता. तिचा खळगा कसा कुंकू लावल्यासारखा दिसे. माझा म्हणजे म्हशीचा खूर."

पण तुम्ही त्यांना एकदा पाहिलं असतं तर तुमच्या लक्षात बिस्किटं राहिली नसती, नाक राहिलं असतं. बिस्कीट मागितलं की म्हणायचे, "दाखवा हात." आपण हात पुढे केला की स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, कमरेत वाकायचे आणि हाताला न शिवता तळव्याचा वास घ्यायचे. देवळात फूल हुंगावं तसं. वास पसंत पडला तर बिस्कीट. नाही पडला तर बोटाने रांजण दाखवायचे. रांजणाजवळ नारळाच्या करवंटीत साबण.

ही सवयही मायचीच. तिला दिसत नव्हतं, म्हणून ती पोरांचे हात हुंगून मगच पिठाला लावू द्यायची.

मला पहिल्यांदा राग आला होता. आम्ही शेतात राबणाऱ्या बायका. आमचे हात हुंगणारा हा कोण?

"काहून? आमच्या हाताले वास येते काय?"

"मले काय माहीत? म्हणून तं पाहून राह्यलो."

"पाहून नाही राह्यले, हुंगून राह्यले."

"मंग तुम्हीही हुंगा," म्हणाले आणि आपला हात माझ्या नाकासमोर धरला. मी पण सोडलं नाही, हुंगला. साबण आणि गूळ.

"काय निघालं?"

"पास," मी म्हणाले. तेव्हापासून आमचं जमलं.

ते सगळ्यांचेच हात हुंगायचे. एकदा सरपंच पांढरे कपडे घालून चार माणसं घेऊन आला. बडेबाबू वाकले, हुंगलं, सरळ झाले. "तंबाखू. दोनदा धुवा." चार माणसांसमोर सरपंच रांजणाशी उकिडवा बसला आणि त्याने दोनदा हात धुतले. धुणार नाही तर काय? ताटली नुकतीच बाहेर काढली होती आणि अख्ख्या गल्लीत तिळाचा वास सुटला होता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. स्वच्छतेपायी सगळ्यांचा जीव खाणारा. आपण त्याला हसतो, आणि जेवायला त्याच्याच घरी निर्धास्त बसतो.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेतात एका झाडाखाली पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा. थोडा दहीभात झाडांवर शिंपडायचा आणि बाकीचा वेचणाऱ्या बायकांना द्यायचा. बडेबाबूंची माय त्या दिवशी वेचणारणींना बिस्किटंही द्यायची. भट्टी बांधल्यापासून बडेबाबूंनी ते पुन्हा सुरू केलं. माझी अकराजणींची टोळी होती, मला धरून. दरवर्षी ते कोणाच्या तरी बैलबंडीत बसून शेतात यायचे. एका काखेत डबा, दुसऱ्या हातात साबण. आम्हा सगळ्यांना विहिरीवर नेऊन हात धुवायला लावायचे, रांगेत उभं करून हुंगायचे आणि मग डबा उघडायचे. साबण उरायचा तो परत घेऊन जायचे. मी दरवर्षी त्या साबणाकडे पाहायचे.

त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला. खाटेवरून उठता येईना. डबा त्यांनी माझ्याकडे दिला, दुसरा तेवढाच डबा गल्लीसाठी घरी ठेवला. माझ्या हातावर साबण ठेवला. लाल, कागदातला, नवा.

"आधी हात, मंग डबा. बारा वेळा सांगितलं असं समजा."

"बारा वेळा कायले? आम्ही अकराच तं आहो."

"एक वेळ जास्तीची. तुमच्यासाठी."

ती वर्षं कापसाची वाईट होती. अळी मरत नव्हती म्हणून लोक फवारे वाढवत होते. फवारे वाढले तरी अळी मरत नव्हती. दसऱ्यापासून सगळ्या शिवाराला तो एकच वास. लुगड्याला तो, भाकरीला तो, उशीला तो. आपल्या घराचा वास जसा आपल्याला येत नाही, तसा तो आम्हाला येईनासा झाला होता.

सकाळपासून आम्ही वेचत होतो. वेचलेला कापूस पोटाशी बांधलेल्या ओटीत टाकायचा, ओटी भरली की ढिगावर रिकामी करायची. त्या दिवशी कापूस थोडा ओलसर लागत होता. मला वाटलं, दव आहे. मालकीणबाईंनी सीतादही केलं, दहीभात ठेवला आणि त्या घरी गेल्या. विहीर होती दोन शेतं ओलांडून.

"कौतिकाबाई, हात धुवाले जायचं ना?" मंदाने विचारलं. तिनेच विचारलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

"कायले?" मी म्हणाले. "कापूसच तं वेचला. शेण थोडीच थापलं? पाह्य हे हात, दुधासारखे हायेत."

आणि खरंच पांढरे होते. शेणाचा हात दिसतो, मातीचा दिसतो. कापसातून काढलेला हात उलट जास्तच स्वच्छ दिसतो. त्यात आठ दिवसांवर दिवाळी आलेली. आमच्या घरी कपड्यांच्याच साबणाने आंघोळ व्हायची. लाल साबण मी पदराच्या टोकाला बांधला आणि डबा उघडला.

मंदाने चार बिस्किटं खाल्ली. बोटं चाटून खाल्ली. म्हणाली, "आजकाल मले गोडच खावं वाटते."

दुपार व्हायच्या आत पहिली ओकली. मग दुसरी. मग मला मोजता येईना.

शेतमालकाने टेम्पो आणला आणि आम्हाला तालुक्याला आणून टाकलं. दवाखान्यात डॉक्टर आला, तरुण होता. त्याने पहिल्या खाटेपासून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. "घरी काही झालं का? भांडण? कोणी बोललं का तुम्हाला?"

तो तरी काय करणार? त्या वर्षांत अशी ओकणारी माणसं यायची ती स्वतःच्या हाताने विष पिऊन आलेली असायची. त्याला तीच सवय लागली होती. माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणाले, "डाक्टर, अकराजणींच्या घरी एकाच दिवशी भांडण होत असते काय? आमच्या सासवायनं मिटिंग घेतली होती?"

तेव्हा त्याने विचारलं, "मग सगळ्यांनी मिळून काय खाल्लं?"

"बिस्किटं," कोणीतरी म्हणालं. दहीभात कोणाला आठवला नाही. तो दरवर्षीचा, देवाचा.

तो शब्द ओट्यावर गेला, ओट्यावरून गावात गेला. बडेबाबूंच्या कानावर गेला तेव्हा ते घरी ठेवलेला दुसरा डबा घेऊन एका मोटारसायकलच्या मागे बसून आले. सुजलेला गुडघा घेऊन. खाटेवरून उठता येत नव्हतं त्यांना, सकाळी.

आणि ओट्यावर बसून खायला लागले.

त्यांचं अकरावं चाललं होतं तेव्हा डॉक्टरने मंदाचे डोळे बॅटरी लावून पाहिले. मग माझे पाहिले. मग एकेकीचे. बुबुळाचा काळा ठिपका सगळ्यांचाच मोहरीएवढा झालेला. त्याने माझ्या ओटीच्या फडक्याला हात लावला आणि नाकाशी नेला.

म्हणजे त्यानेही हुंगलंच.

"त्या शेतात फवारा कधी मारला?"

शेतमालक दाराशी होता. वाईट माणूस नव्हता तो. सकाळपासून त्याने पाणी घेतलं नव्हतं. जमिनीकडे पाहत म्हणाला, "काल. दिवस बुडता बुडता."

"आणि आज बायका घातल्या? सांगितलं का त्यांना?"

"सांगतलं असतं तं आल्या नसत्या."

मंदाच्या सासऱ्याने काठी भिंतीला टेकवली.

"बिस्किटाचं नाही हे," डॉक्टर म्हणाला. "हातावरचं पोटात गेलं आणि अंगातून अजून आत जाऊनच राहिलं आहे. लुगडी काढा सगळ्यांची. अंग धुवा, केस धुवा, साबणाने. या लहानीपासून."

नर्स म्हणाली, "साबणाची नुसती पातळ चकती उरली आहे, सर. दुकानात पाठवते."

"आत्ता पाहिजे, आत्ता!"

मग मी पदराची गाठ सोडली.

सुटता सुटेना. एकीच्या दोन गाठी दिसत होत्या. कागदातला लाल साबण निघाला तेव्हा खोलीत त्याच्याएवढं लाल दुसरं काही नव्हतं. नर्सने विचारलं, "हा कुठून आला?"

बडेबाबू दारापर्यंत आले होते. त्यांनी साबण पाहिला. कागद पाहिला, न फाडलेला. मग माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाही दोनच बडेबाबू दिसत होते आणि दोघांनाही कळलं होतं.

"माझा आहे," ते म्हणाले. "मंदाले आधी धुवा." आणि तोंड फिरवून बाहेर जाऊन बसले.

मागच्या अंगणात चादरी बांधून नर्सने आणि आमच्यातल्या कोणाकोणाच्या सासवांनी आम्हाला एकेकीला धुतलं. माझी सासू नव्हती, मला मंदाच्या सासूने धुतलं, आणि जरा जोरातच घासलं. अकरावी मी. तोवर साबण चिंचोक्याएवढा राहिला होता. माझी दिवाळीची आंघोळ त्याच साबणाने झाली, आठ दिवस आधी.

दहाजणींना इंजेक्शनं देऊन तिथेच ठेवलं. मंदाला यवतमाळला नेलं. दोन रात्री ती कोणाला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी निरोप आला, उठून बसली, गोड मागते आहे. आणि दुसरा निरोप असा की तिला दुसरा महिना आहे. घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

इकडे गावात, खरं काय ते कळायच्या आतच, पोरांनी सब्बल घेऊन बडेबाबूंची भट्टी फोडली होती. मंदाचा नवरा पुढे होता. संध्याकाळी बडेबाबू घरी आले, घरामागे गेले, मातीच्या ढेकळांवर बसले. पिंपावर हात फिरवून म्हणाले, "पिंप चांगलं आहे."

मी तिसऱ्या दिवशी सुटले ती घरी न जाता त्यांच्याकडे गेले. मला फिरवून बोलता येत नाही. म्हणाले, "साबण मी दिवाळीसाठी ठेवला होता. विहीर लांब होती हे खरं हाय, पण मले जायचंच नव्हतं. डाक्टर म्हणते, हात धुतले असते तं काहीजणी कमी आल्या असत्या. किती, ते त्यालेही सांगता नाही आलं."

ते गुडघ्याला तेल लावत होते. लावतच राहिले.

"वास कोणता होता?" त्यांनी विचारलं.

"फवाऱ्याचा?"

"साबणाचा."

"गुलाबाचा."

"मोगऱ्याचा सांगून दिला मले त्या दिग्रसच्या दुकानदारानं!" असे चिडले की खाटेवरून अर्धे उठले. एवढा राग, आणि सगळा दुकानदारावर. माझ्या वाटणीचाही त्यानेच घेतला. मग पुन्हा खाली बसले आणि हळू म्हणाले, "मी असतो तं मले वास आला असता, बाई. एका गुडघ्यापायी घरी बसून राह्यलो."

मी काही बोलले नाही. माझी दुसरी वेळ.

भट्टी आम्हीच पुन्हा लिंपली. टोळीतल्या दहाजणी माती आणि पाणी घेऊन गेलो. मंदाचा सासरा डोक्यावर भुश्याचं पोतं घेऊन आला, खाली टाकलं आणि माती तुडवायला लागला. दुपारी बडेबाबू त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे.

"दाखवा हात."

त्याने कोपरापर्यंत चिखलाचे हात पुढे केले. बडेबाबू वाकले.

"माती," म्हणाले. "चालते."

माफी वगैरे कोणी मागितली नाही. आमच्याकडे तेवढं पुरतं.

नवीन भट्टीतली पहिली ताटली निघाली तेव्हा खरी पंचाईत झाली. वास तोच, तिळाचा, गुळाचा. पण आमच्या पोटांना आता त्या वासाने दुसरंच आठवत होतं. दहाजणी पदर नाकाला लावून एकमेकींकडे पाहत राहिलो. बडेबाबू ताटली धरून उभे. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि ओट्यावर काठीसमोर बसलेला माणूस हाच का, असं मला वाटलं. ओट्यावर ते घाबरले नव्हते. आता घाबरले होते.

मंदा मागे ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. यवतमाळहून येऊन तिला चारच दिवस झाले होते. उठली, रांजणावर गेली, साबणाने हात धुतले आणि आपण होऊनच त्यांच्यासमोर हात धरला. ते वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"पास," म्हणाले.

"मंग मले चार द्या," मंदा म्हणाली.

तिने खाल्लं, मग आम्ही सगळ्यांनी खाल्लं. मी घास चघळून गिळला. पहिला घास गोड लागला असं मी म्हणणार नाही. दुसरा लागला.

पुढच्या वर्षापासून मी कोणाच्याही शेतात टोळी न्यायच्या आधी बांधावरचं एक बोंड तोडून हुंगायला लागले. वास आला की सरळ परत. मालक शिव्या द्यायचे, देऊ देत. जेवणाच्या वेळी मी बायकांना रांगेत उभं करायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि वाकायचे. बायका हसायच्या. म्हणायच्या, "कौतिकाबाई बडेबाबू झाली."

बडेबाबू त्यानंतर बरीच वर्षं होते. शेवटच्या वर्षी खाटेलाच लागले. मी भाकरी घेऊन जायचे. भाकरी खाली ठेवली की म्हणायचे, "दाखवा हात." त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मी हात त्यांच्या नाकाजवळ न्यायचे. एक दिवस हुंगून त्यांनी मान हलवली.

"आज धुतले नाही, बाई."

मी दोनदा धुतले होते. घरून एकदा, त्यांच्या रांजणावर एकदा. नाक गेलं होतं त्यांचं.

"बरोबर हाय, बडेबाबू," मी म्हणाले, आणि बाहेर जाऊन तिसऱ्यांदा धुतले.

ते थंडीत गेले. भाचा नागपूरहून आला, घर विकून गेला. पिंप त्याने भंगारात काढलं होतं, ते मंदाच्या सासऱ्याने उचलून आपल्या घरामागे आणून ठेवलं. पहिल्या वेचणीच्या आदल्या दिवशी आम्ही ते पेटवतो. कापसाचं पुंजकं मी धरते. अंगठे मंदाची मुलगी दाबते. तिचा अंगठा बारीक आहे.

त्या दिवशी शेतात अकराजणी होतो, असं मी डॉक्टरला सांगितलं होतं. ते चुकलं होतं. या मुलीला धरून बाराजणी होतो. बाराही वाचलो.